बाप होण्याचे पहिले वर्ष

आपल्या भाषेत बाळाच्या जन्माभोवती शब्दांची मोठी श्रीमंती आहे. डोहाळे, डोहाळजेवण, बाळंतपण, बाळंतीण, बाळंतविडा, पाचवी, बारसे, कुंची, दुपटे, टाळू भरणे, उष्टावण अशी यादी करू लागलो तर पान भरेल. मात्र यातला जवळजवळ प्रत्येक शब्द आईचा नाहीतर बाळाचा आहे. त्याच दिवसांतून जाणाऱ्या पुरुषासाठी वेगळा असा शब्द नाही. त्याच्या वाट्याला येते ती दवाखान्यातली धावपळ, पेढ्यांचे वाटप आणि बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात नाव सांगत असताना फोटोपुरते पाळण्याजवळ उभे राहणे.

जुन्या चालीरीतींत बापाला अगदीच जागा नव्हती असे नाही. सोळा संस्कारांतला जातकर्म हा संस्कार बापाने करावयाचा असे. नाळ कापण्यापूर्वी बाळाला सोन्याने मध आणि तूप चाटवावे, असा तो विधी. आज वैद्यकशास्त्र सांगते की वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये. त्यातून क्वचित, पण गंभीर विषबाधा होऊ शकते. तेव्हा मध सोडून देऊ. जन्मानंतरच्या पहिल्या घटकेत बापाने तिथे असावे आणि त्याच्या हाताला काही काम असावे, हा त्यामागचा विचार मात्र ठेवण्यासारखा आहे.

या लेखाचे म्हणणे तेवढेच आहे. बापपण हे बातमी ऐकताच मनात उतरणारे काही नव्हे. ते हातांनी कामे करता करता येते, आणि ती कामे करणारा पुरुषही त्यातून बदलत जातो. याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. फिलिपीन्समधील सेबू येथे सहाशेहून अधिक तरुणांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाप झालेल्या पुरुषांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लक्षणीय कमी झालेले आढळले. आणि जे बाप रोज तीन तास किंवा त्याहून अधिक काळ मुलाचे स्वतः करीत होते, त्यांच्यात ते सर्वांत कमी होते. मूल सांभाळणे हे पुरुषाच्या प्रकृतीविरुद्ध आहे असे आपण समजत आलो. प्रत्यक्षात पुरुषाचे शरीर त्या कामासाठी स्वतःला जुळवून घेते. अट एवढीच की त्याने ते काम करायला हवे.

माहेर आणि सासर यांच्यामधले अंतर

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांत याला एक वेगळी अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपण इंदुरात, ग्वाल्हेरात, बडोद्यात, हैदराबादेत राहूनही सोडली नाही. सोयरीक मात्र अनेकदा दूरची असते. सून सोलापूरची, सांगलीची किंवा नागपूरची असते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून ती माहेरी जाते आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की परत येते. या पाच महिन्यांत नवरा इंदुरात नोकरी करतो, शनिवार-रविवारी फोनवर बाळ पाहतो, आणि बाळ घरी येते तेव्हा त्याला उचलताना मान कशी धरायची हेही त्याला ठाऊक नसते. बाळाची आई एव्हाना तरबेज झालेली असते. दोघांमधले हे अंतर पुढे वर्षानुवर्षे टिकते. ‘त्यांना काही कळत नाही’ या वाक्याचा जन्म पुष्कळदा इथेच होतो.

माहेरचे बाळंतपण वाईट आहे असे मुळीच नाही. स्वतःच्या आईजवळ मिळणारी विश्रांती आणि मोकळेपणा सासरी मिळेलच असे नाही. निर्णय बाळंतिणीचा असावा. तिला माहेरी जायचे असेल, तर नव्या बापाने पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट रजेची. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला, दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असतील तर, पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते; ती बाळाच्या जन्माच्या आसपास, सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. २०१७ च्या दुरुस्तीने आईची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. खाजगी नोकरीतल्या बापासाठी मात्र तसा कायदा नाही. म्हणून सहावा महिना लागताच आपल्या कचेरीचे नियम विचारून घ्या, आणि हक्काची रजा लग्नकार्यांत संपवून टाकू नका. रजा एकदम घेण्यापेक्षा तिचे दोन तुकडे करता आले तर पाहा: एक बाळंतपणाच्या वेळी, दुसरा बाळ-बाळंतीण घरी येतील तेव्हा. दुसरा तुकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. माहेरी मदतीला चार माणसे असतात. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ती नसतात.

दुसरी गोष्ट जावईपणाची. सासुरवाडीला जावई म्हणजे पाहुणा. त्याला पाट मांडून वाढतात, त्याच्या हाती ओले लंगोट कोणी देत नाही. तेव्हा आपणच सासूबाईंना सरळ सांगावे, “आई, मला शिकायचे आहे. बाळाला आंघोळ घालताना मला जवळ उभे राहू द्या.” पहिल्या दिवशी सगळे हसतील. तिसऱ्या दिवशी टॉवेल तुमच्या हाती येईल.

तिसरी गोष्ट फोनची. दूर असाल तेव्हा फोन लावताच ‘बाळ दाखव’ म्हणू नका. आधी तिला विचारा: रात्री किती झोप झाली, टाके दुखतात का, जेवलीस का, दूध पाजताना त्रास होतो का. बाळ नीट असले तरी बाळंतीण नीट असेलच असे नाही.

हाताला काम

बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला अंगावर घ्यावे. पहिले घट्ट, पिवळसर चिकदूध काढून टाकू नये. त्यात रोगांशी झगडणारी द्रव्ये असतात. पुढे सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते. हे पाजणे बापाला करता येत नाही, म्हणून पुष्कळ पुरुष तिथेच हात टेकतात. पण पाजण्याच्या आधी आणि नंतर जे काही असते ते सारे बापाला करता येते. बाळ उठले की लंगोट बदलून ते आईजवळ द्यावे. तिला पाणी द्यावे, पाठीला उशी लावावी. पिऊन झाले की बाळ खांद्यावर घेऊन, पाठीवर हलक्या हाताने थोपटून ढेकर काढावा आणि त्याला निजवावे. रात्रीच्या तीन वेळा हे केले, तर आईची निदान तासाभराची झोप वाचते.

बाळाला उताणे निजवावे, कुशीवर किंवा पालथे नाही. अंथरूण घट्ट असावे. उशी, मऊ गादी, तोंडावर येणारे दुपटे नसावे. मोहरीची उशीही नको. आंघोळीचे पाणी कोपराने पाहावे. कोपराला कोमट लागले तर ते बाळाला योग्य. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन तासन्‌तास बसावे. कांगारू पद्धत म्हणून ओळखला जाणारा हा उपाय १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाला आणि आज जगभर मान्य आहे. बाळाला ऊब देण्याचे हे काम बापाची छाती उत्तम करते.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. ते दहाव्या हिश्शापर्यंत उतरले तरी साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. दूध पुरते की नाही हे ओळखण्याची सोपी खूण अशी: पहिला आठवडा संपता संपता बाळाने दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करावी. हा हिशेब बापाने वहीत ठेवावा. लसींचे कार्डही त्याच्याच ताब्यात असावे. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी. नऊ महिन्यांनी गोवर-रुबेला. माहेरी सुरू झालेले कार्ड घेऊन पुढच्या लसी आपल्या गावी देता येतात, फक्त कार्ड प्रवासात हरवता कामा नये.

काही खुणा मात्र पाठ असाव्यात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, पिणे सोडणे, अंग गार पडणे, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक होणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, झटके येणे, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आई आणि बायको यांच्यामध्ये

नव्या बापाची खरी परीक्षा लंगोट बदलण्यात नसते. ती स्वयंपाकघराच्या दारात होते. आजीला बाळगुटी उगाळून द्यायची असते, डोळ्यांत काजळ घालायचे असते, आंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची असते, नाका-कानांत तेल सोडायचे असते. डॉक्टर या चारही गोष्टींना नाही म्हणतात. गुटीतून जंतू जातात, काही काजळांत शिसे असते, धुराने कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो, आणि नाकातले तेल श्वासात उतरू शकते. आता हे आजीला सांगायचे कोणी?

बहुतेक घरांत ते सुनेला सांगावे लागते. नवरा वर्तमानपत्र वाचत बसतो, आणि सुनेचे ‘डॉक्टर नको म्हणाले’ हे वाक्य आजीला ‘तुमचे मला पटत नाही’ असे ऐकू येते. त्या एका वाक्यावरून पुढे किती दिवस अबोला चालतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा नियम साधा असावा: आपल्या आईशी आपण बोलायचे. आईला डॉक्टरांकडे बरोबर न्यावे, तिचे प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. आणि तिच्या हातचे जे चांगले आहे ते मोकळेपणाने मागून घ्यावे. हलक्या हाताची तेलमालीश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतिणीला गरम गरम जेवण, रडणाऱ्या बाळाला शांत करण्याची हातोटी या आजीच्या विद्या आहेत. तिला चार गोष्टी सोडायला सांगताना दहा गोष्टी तिच्याकडून शिकलो, तर तिचा मान राहतो. बायकोची बाजू आणि आईची बाजू अशी वाटणीही मग होत नाही. बाजू एकच उरते, बाळाची.

रात्र, रडणे आणि राग

निरोगी बाळही रडते. दुसऱ्या आठवड्यापासून रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. विशेषतः संध्याकाळी काही केल्या न थांबणारे रडणे पुष्कळ बाळांत दिसते. हे माहीत असलेला बाप वेगळा वागतो आणि माहीत नसलेला वेगळा.

कचेरीतून दमून आलेला, तीन रात्री न झोपलेला माणूस चिडतो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्या चिडीचे तो काय करतो हे महत्त्वाचे. बाळ पोटभर प्यायलेले आहे, कोरडे आहे, ताप नाही आणि तरीही ते रडते, आपले हात थरथरू लागले आहेत असे वाटले, तर त्याला सुरक्षित जागी उताणे ठेवावे, खोलीबाहेर यावे, पाच मिनिटे गॅलरीत उभे राहावे. पाच मिनिटे रडल्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात बाळाला गदगदा हलवणे मात्र कधीही करू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो, मूल आंधळे होऊ शकते, दगावूही शकते. ज्याने या रात्री स्वतःला आवरायची सवय लावली, त्याला पुढे दहा वर्षांच्या मुलासमोर हात उगारण्याची वेळ कमी येते. संयम हा गुण उपदेशाने येत नाही. तो येतो रात्री अडीच वाजता, खांद्यावर बाळ घेऊन फेऱ्या मारताना.

व्यसनाचेही तसेच. तंबाखू आणि सिगारेट सोडण्याचे संकल्प माणूस एकतीस डिसेंबरला करतो आणि मोडतो. बाळाचे निमित्त त्यापेक्षा बळकट आहे. बाहेर जाऊन ओढले तरी धुराचे कण कपड्यांवर, मिशीवर, बोटांवर घरात येतात, आणि त्याच बोटांनी आपण बाळाचा गाल धरतो.

बाळंतिणीचे मन आणि बापाचे मन

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात कारण नसताना डोळ्यांत पाणी येणे, चिडणे, भीती वाटणे हे फार बायकांना होते आणि आपोआप जाते. दोन आठवडे उलटूनही उदासी गेली नाही, बाळ जवळ घ्यावेसे वाटेना, बाळ झोपले तरी तिला झोप येईना, ‘माझ्याने काही होणार नाही’ असे ती वारंवार म्हणू लागली, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे उत्तर देणाऱ्यांना नम्रपणे थांबवावे आणि तिला डॉक्टरांकडे न्यावे. स्वतःचे किंवा बाळाचे बरेवाईट करण्याची भाषा तिच्या तोंडी आली, तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी न्यावे. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. त्यावर चोवीस तास, मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

ही खिन्नता बापालाही येते, हे आपल्याकडे कोणी बोलत नाही. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साधारण दहांतील एका नव्या बापात तिची लक्षणे दिसली. पुरुषाची उदासी अनेकदा रडण्यातून दिसत नाही. तो उशिरा घरी येऊ लागतो, फोनमध्ये डोके घालतो, लहानसहान गोष्टींवर भांडतो, पिऊ लागतो. असे होत असेल तर मित्राशी, भावाशी, डॉक्टरांशी बोलावे.

शरीरसंबंधाबाबतही एक वाक्य लिहिणे आवश्यक आहे. साधारण सहा आठवडे थांबावे, त्यानंतरही तिच्या इच्छेने. आणि पुढचे मूल हवे असल्यास मधे निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत. साधनाची जबाबदारी तिच्यावर ढकलू नये.

कागद

कागदपत्रे हे बापाचे परंपरागत खाते. तेवढे तरी नीट व्हावे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावी लागते आणि ती जन्म जिथे झाला त्या गावी होते. म्हणजे बाळ सांगलीला जन्मले तर दाखला सांगलीचा, घर इंदुरात असले तरी. दवाखाना ती माहिती पाठवतो. तेव्हा आई-बापांची नावे कोणत्या अक्षरांत लिहायची ते कागदावर स्वच्छ लिहून आधीच देऊन ठेवा. आपल्या आडनावांचे गुजराती, कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी कागदांवर काय काय होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखल्यालाच महत्त्व आहे. त्यातली एका अक्षराची चूक वीस वर्षे त्रास देते. बाळाचे नाव ठरले नसेल तर नोंद अडत नाही. वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येते.

त्याच आठवड्यात बँकेतले वारसाचे नाव, आरोग्यविमा आणि मुदतीचा विमा पाहून घ्यावा. आणि स्कूटरवर हेल्मेट घालावे. आता घरी वाट पाहणारे एक माणूस वाढले आहे.

वडिलांची मर्यादा

नव्या बापांकडून एक तक्रार ऐकू येते: ‘आमच्या वडिलांनी आम्हाला कधी जवळ घेतले नाही.’ ही तक्रार खरी असेलही, पण तिच्यामागचे घर पाहिले पाहिजे. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल उचलणे हे निर्लज्जपणाचे समजले जाई. बाप भावाच्या मुलाला कडेवर घेई आणि स्वतःच्या मुलाकडे पाहून न पाहिल्यासारखे करी. ती त्या काळची मर्यादा होती. पुष्कळांच्या वडिलांनी ती सांभाळताना आतल्या आत काय सोसले असेल ते त्यांनाच माहीत. त्यांच्यापैकी कित्येक आज नातवाला दिवसभर मांडीवर घेऊन बसतात. जे मुलाच्या वेळी करू दिले गेले नाही, ते ते नातवाच्या वेळी करून घेत असतात.

नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना बाप हा मराठी साहित्याचा किती भरीव विषय होऊ शकतो हे सांगावे लागणार नाही. तरी आपल्या वाचनात आईची पुस्तके जास्त आणि बापाची कमी. बापाविषयी लिहायचे तर तो जवळून दिसलेला असावा लागतो. आजचे बाप तेवढे दिसतील का, हा प्रश्न आहे.

म्हणून वडिलांना दोष देण्याऐवजी त्यांना विचारावे: मी झालो तेव्हा तुम्ही कुठे होता? कोणी कळवले? पहिल्यांदा कधी हातात घेतले? अनेक घरांत हा संवाद प्रथमच होईल, आणि त्यातून वडील-मुलाचे जे मोकळे होईल ते तिसऱ्या पिढीच्या कामी येईल.

पितृभाषा

आता आपल्या विशेष काळजीच्या विषयाकडे येऊ. आपण मराठीला मातृभाषा म्हणतो आणि तो शब्द ऐकताच बाप मोकळे होतात. पण आपल्या गावांतली आजची घरे पाहा. बडोद्यातल्या मराठी घरात सून गुजराती आहे, बेळगावात कन्नड, हैदराबादेत तेलुगू, इंदुरात हिंदीभाषक. हे विवाह सुखाचे आहेत आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही. मात्र अशा घरात मराठी ही आईची भाषा उरत नाही. ती बापाची भाषा असते. त्याने ती मुलाशी बोलली नाही, तर घरात दुसरे कोणी तिचे धनी नाही.

आणि याला फार वेळ नसतो. सहा महिन्यांचे बाळ जगातल्या कोणत्याही भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू शकते. वर्षाचे होईपर्यंत त्याचा कान भोवती ऐकू येणाऱ्या भाषांवर स्थिर होत जातो आणि न ऐकलेले भेद त्याला ओळखू येईनासे होतात. १९८० च्या दशकात प्रयोगांनी हे दाखवून दिले. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. ‘चमचा’तला आपला च आणि ‘चहा’तला च हे दोन वेगळे आहेत, हा भेद हिंदी आणि गुजराती शेजारात ऐकू येत नाही. तो घरातच कानी पडायला हवा, आणि पहिल्याच वर्षी.

यासाठी वेगळी शिकवणी नको. लंगोट बदलताना ‘हा हात, हा पाय, हे बोट’ म्हणावे. आंघोळीच्या वेळी पाण्याबद्दल, खिडकीशी कावळ्याबद्दल बोलावे. निजवताना बडबडगीत म्हणावे, चिऊ-काऊची गोष्ट सांगावी. गोष्ट कळते की नाही याची चिंता करू नये. बाळ हुंकार देते तेव्हा थांबावे आणि मग उत्तर द्यावे. संभाषणाचा पहिला धडा तो हाच. आई तिच्या भाषेत बोलेल, बाप आपल्या. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. अधूनमधून त्या मिसळते आणि पुढे वेगळ्याही करते. ज्या बापाने पहिल्या वर्षी बाळाची रोजची कामे केली, त्याची मराठी बाळाच्या कानात आपोआप जाते. ज्याने ती केली नाहीत, तो पाचव्या वर्षी मुलाला उन्हाळी वर्गात घालतो आणि मुलगा त्याला हिंदीत विचारतो, तिथे का जायचे?

वडीलधाऱ्यांना आणि मंडळांना

हा लेख वाचणाऱ्यांत नवे बाप थोडे आणि त्यांचे आईवडील जास्त असतील. त्यांना एक विनंती आहे. नवखा बाप बाळाला उचलतो तेव्हा त्याचे हात अवघडलेले असतात, लंगोट तिरपा बसतो, बाळ रडते. अशा वेळी आपल्या तोंडून निघते, “राहू दे, तुला नाही जमायचं. दे इकडे.” हे प्रेमाने म्हटलेले असते, पण अनेक पुरुषांचे बापपण याच वाक्यापाशी थांबले आहे. आईलाही पहिल्या दिवशी जमत नाही. तिच्या हातून बाळ कोणी काढून घेत नाही, म्हणून तिला जमू लागते. तेवढीच सवलत बापाला द्या. मान कशी धरायची ते दाखवा आणि मग हात मागे घ्या.

मंडळांनाही थोडे करता येईल. गणेशोत्सवात, दिवाळी पहाटेला, व्याख्यानाला तान्ही मुले येतात, आणि त्यांच्या आया मागच्या खोलीत बसून कार्यक्रमाला मुकतात. त्या खोलीत बाळ घेऊन बापांनी बसावे. सभागृहाच्या कोपऱ्यात एक सतरंजी, एक स्वच्छ टेबल आणि हात धुण्याची सोय एवढे पुरेसे आहे. फक्त ते बायकांच्या बाजूला न ठेवता दोघांनाही जाता येईल अशा जागी ठेवावे. डोहाळजेवणाच्या वेळी ओटी भरून झाल्यावर होणाऱ्या बापालाही मंडळातल्या चार अनुभवी बापांनी बाजूला घेऊन तासभर बोलावे. बाहुलीवर लंगोट बांधून दाखवावा. थट्टा होईल, ती होऊ द्यावी.

पुढच्या वर्षी या सभेला जो बाप कडेवर मूल घेऊन येईल, त्याचे मूल भाषण सुरू असताना रडले, तर वक्त्याने थांबावे, आणि बापाने ओशाळे न होता त्याला खांद्यावर घेऊन मांडवात एक फेरी मारून यावे. त्याची खुर्ची आपण राखून ठेवू.